डॅशबोर्डावरचं अक्रोड



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले दोन विकांत रिलीजने खाल्ले आणि तिसरा अकोल्याला घरी गेला. हा लेख त्या तिसऱ्या विकांताचा.

आमच्याकडे २००४ ची इंडिका आहे. हो, अजून आहे, चालते, आणि पंधरा वर्षांनंतरचं आरटीओचं पासिंग तिनं दोनदा पार केलंय. बाबा रोज सकाळी तिला फडक्यानं पुसतात. (मला इतक्या प्रेमानं कुणी कधी पुसल्याचं आठवत नाही. असो.) तर या गाडीला आतून 'वुड फिनिश' आहे. कंपनीनं दिलेलं नव्हे, बाबांनी गाडी घेतली त्याच हप्त्यात अकोल्यात बसवून घेतलेलं. एसीच्या जाळ्यांभोवती, टेपभोवती, दारांच्या आतल्या हँडलापाशी, एवढंच काय गिअरच्या मुठीवरसुद्धा तांबूस-तपकिरी, काचेसारख्या चमकणाऱ्या पट्ट्या. २००० नंतरच्या आठ-दहा वर्षांत ज्यांच्या घरी पहिली गाडी आली त्यांना हा प्रकार वेगळा सांगायला नको. तेव्हा भारतात निम्म्या गाड्यांना हा रोग झाला होता असं माझं प्रामाणिक मत होतं.

'होतं' असं मुद्दाम लिहिलंय. त्याकडे येतोच.

वीस वर्षांच्या अकोल्याच्या उन्हानं त्या पट्ट्यांचे कोपरे उचकटले होते. दोन ठिकाणी बाबांनी फेविक्विक लावून पाहिलं, त्याचे पांढरे डाग. मी ठरवलं, या खेपेला हे सगळं खरवडून काढायचं आणि साधा काळा मॅट करून टाकायचा. बाबांना सांगितलं.

"काढू नको. लागन तं नवीन लाव. पण लाकडाचंच लाव."

"बाबा, थे लाकूड न्हाई. प्लास्टिकवर लाकडाचा फोटो हाये."

बाबांनी फडकं झटकलं. "मंग? बैठकीत आबाजीचा बी फोटोच हाये न. काढू काय थो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की आपण इंजिनीअर लोक काय करतो? लॅपटॉप उघडतो. रात्री दोनपर्यंत आंतरजालावर गाडी आणि लाकूड या दोघांचं नेमकं नातं काय ते शोधत बसलो, आणि मग दुसऱ्या दिवशी बाबांकडून उरलेला अर्धा भाग ऐकला. दोन्ही मिळून खालचं लिहितोय. चुभूद्याघ्या.

सुरुवात आबाजींपासून करतो, कारण आमच्या घरातली पहिली गाडी त्यांची. बैलगाडी. आमच्या वऱ्हाडात तिला बंडी म्हणतात. शेत दर्यापूरकडे, म्हणजे खारपाणपट्ट्यात. काळी जमीन, खारं पाणी, आणि झाड म्हणावं तर बाभूळ. बाबा सांगतात की बंडी म्हणजे 'लाकडाची' असं कुणी म्हणत नसे, कारण लाकूड एक नव्हतंच. चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचे, कारण बाभूळ मार खाते आणि फाटत नाही. कण्याला धावडा, कारण तो चिवट, वाकतो पण मोडत नाही. जड ओढायच्या दांड्यांना मिळालं तर तिवस. सागवान वरच्या साट्याला आणि फळ्यांना. ते मेळघाटातून परतवाड्याच्या लाकूडबाजारात यायचं आणि महाग पडायचं. सागाला वाळवी लागत नाही, पावसात ते फुगत नाही, उन्हात वाकडं होत नाही, आणि त्यातल्या तेलामुळे लोखंडाचा खिळा गंजत नाही. पण चाकाच्या आऱ्याला गावचा सुतार साग लावणार नाही. प्रत्येक जागेचं लाकूड ठरलेलं, आणि ते ठरलं होतं त्या जागी काय ताण येतो त्यावरून. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक लाकडाचं एक रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन होतं, फक्त ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

चाकावर लोखंडी धाव चढवायचा कार्यक्रम तर बाबा अजूनही हातवारे करून सांगतात. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईस्तोवर तापवायची, तापून फुगली की सांडशीनं धरून चाकावर घालायची आणि लगेच पाणी मारायचं. लाकडातून धूर निघतो, धाव आकसते, आणि सगळे आरे करकचून तुंब्यात घुसतात. शेगावला इंजिनीअरिंग करताना हीच गोष्ट आम्हाला 'श्रिंक फिट' म्हणून शिकवली होती, आकृतीसह, सहा मार्कांना. शिकवणारे सर वऱ्हाडातलेच होते, त्यांनी धावेचं नाव काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

बंडी कामाची. माणसांना मिरवायला दमणी. हलकी, वर छत, बैलही निवडक, घुंगरं-झुली वगैरे. म्हणजे 'गाडी आतून-बाहेरून सजवणे' हा उद्योग काही मारुती-टाटांच्या काळात सुरू झाला नाही. पण एक फरक लक्षात घ्या. दमणीवर कातीव काम असे, रंग असे, पितळी फुलं असत. लाकडावर लाकडाचं चित्र मात्र कुणी काढत नसे. गरजच काय?

आता जरा लांब जाऊ, कारण 'डॅशबोर्ड' हा शब्द तिकडचा. तिकडे घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पुढ्यात एक उभी फळी असायची, लाकडाची किंवा कातड्याची. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल आतल्या माणसांवर येऊ नये म्हणून. इंग्रजीत असा चिखल उडण्याला 'डॅश' म्हणत, म्हणून ती डॅशबोर्ड. मोटार आली, घोडा गेला, चिखल खाली गेला, पण फळी राहिली. रिकामी फळी दिसली की माणूस तिच्यावर काहीतरी ठोकतोच, तशी त्यावर घड्याळं आणि मीटर आले. आपल्या ऑफिसातले लोक ज्याला 'डॅशबोर्ड' म्हणतात आणि दर सोमवारी त्यात लाल-हिरवे चौकोन बघतात, त्या शब्दाचा उगम घोड्याच्या चिखलात आहे हे कळल्यावर मला बरंच समाधान वाटलं :)

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे इंजिन लावलेल्या बग्ग्याच. त्या बनवणारेही तेच बग्गीवाले. खाली लोखंडी सांगाडा, वर ॲश नावाच्या लाकडाची चौकट आणि तिच्यावर पत्रा. ॲश का? चिवट, लवचिक, धक्के सोसणारं. आमच्या धावड्याचाच विलायती चुलतभाऊ म्हणा ना. (झाडांच्या कुळाचा संबंध नाही, स्वभावाचा आहे.) इंग्लंडमधली मॉर्गन कंपनी आजही आपल्या गाड्यांत ॲशची चौकट घालते. हेन्री फोर्डला तर त्याच्या मॉडेल टी गाड्यांसाठी इतकं लाकूड लागायचं की त्यानं १९२० च्या सुमारास मिशिगन राज्याच्या उत्तर भागात स्वतःची जंगलं घेतली, तिथं लाकूड कापायचा कारखाना टाकला, आणि उरलेल्या ढलप्यांचा कोळसा करून तो मोटारीच्या दुकानांतून विकला. अमेरिकेत अंगणातल्या शेगडीसाठी मिळणारा 'किंग्जफर्ड' कोळसा तो हाच.

म्हणजे मोटारीचा पहिला काळ हा लाकडाचा काळ आहे, आणि ते लाकूड बहुतेक दिसत नसे. पत्र्याखाली, गादीखाली, रंगाखाली झाकलेलं असे. जसा बंडीचा कणा कुणी कौतुकानं बघत नाही, तसं.

मग पोलाद आलं. १९१० च्या दशकात बड नावाच्या अमेरिकन कारखानदारानं डॉज कंपनीसाठी पूर्ण पोलादी बॉडी बनवून दाखवली. लाकूड हळूहळू हटत गेलं. शेवटची जागा बहुधा छपराची. छपराच्या मध्यभागी लाकूड-कापडाचा तुकडा असायचा, कारण एवढा मोठा पत्रा एका दाबात ठोकणारी यंत्रं नव्हती. जनरल मोटर्सनं १९३५ च्या मॉडेलांना अखंड पोलादी छप्पर दिलं आणि तेही संपलं.

आणि इथं गंमत सुरू होते. लाकूड गाडीच्या हाडांतून गेलं आणि त्याच सुमारास, १९३० च्या दशकात, पत्र्याच्या डॅशबोर्डांवर लाकडाच्या रेषा छापायची पद्धत आली. नक्षी कोरलेल्या पट्टीवरची शाई रबरी रोलरनं उचलायची आणि पत्र्यावर फिरवायची. म्हणजे ज्या कारखान्यानं लाकूड काढलं त्याच कारखान्यानं त्याचं चित्र लावलं!

फोर्डच्या कंट्री स्क्वायर या लांब गाडीची गोष्ट तर अगदी सरळ आहे. १९५० आणि १९५१ च्या गाड्यांच्या बाहेरच्या बाजूला खरं लाकूड. १९५२ पासून पूर्ण पोलादी बॉडी आणि तिच्यावर लाकडाची छपाई असलेली फिल्म, 'डाय-नॉक' नावाची. हे नाव आज थ्री-एमकडे आहे आणि आतल्या सजावटीसाठी अजूनही मिळतं. खऱ्या लाकडाची गाडी जेमतेम दोन वर्षं विकली गेली, आणि चित्राची १९९१ पर्यंत, चाळीस वर्षं! कारण उघड आहे. खऱ्या लाकडाला दरवर्षी वॉर्निश मारा, सांधे आवळा, बुरशी पुसा. चित्राला फडकं पुरतं.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मोटारीची नाही, आगगाडीची आहे. इंग्लंडमध्ये एलएनईआर नावाची रेल्वे कंपनी होती. तिच्या डब्यांची बाहेरची बाजू सागवानाची. रंग नाही, नुसतं वॉर्निश, आणि लोक दुरून डबा ओळखत. पुढे पोलादी पत्र्याचे डबे आले तेव्हा या कंपनीनं काय करावं? रंगारी लावून त्या पत्र्यावर हातानं सागाच्या रेषा काढून घेतल्या. डब्यामागून डबे. साग आपल्या भागातलं झाड, तिकडे उगवत नाही. आणि तरी 'आमची गाडी सागाची दिसली पाहिजे' हा तिथला हट्ट. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, 'पाय मंग' अशा अर्थाची.

आपल्याकडे मात्र खरं लाकूड गाड्यांमध्ये बराच काळ टिकलं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावलेल्या पहिल्या एसटीची बॉडी लाकडी होती आणि वर कापडी छप्पर. (वऱ्हाडी वाचकांसाठी टीप: ती एसटी आपली नव्हे. आपण तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो, मुंबई राज्यात आलो १९५६ ला.) रेल्वेचे पूर्ण पोलादी डबे मद्रासच्या पेरांबूर कारखान्यातून निघायला लागले १९५५ पासून. आणि ट्रक? ट्रक कारखान्यातून नुसता चासी म्हणून यायचा, पुढं इंजिन आणि त्यामागे उघडी स्टिअरिंग. ड्रायव्हर गॉगल लावून, डोक्याला फडकं बांधून तो तसाच शेकडो किलोमीटर चालवत आणायचा, आणि मग गावचा मिस्त्री त्यावर लाकडी केबिन आणि हौदा चढवायचा. हायवेच्या गावांत या कामाचे कारागीर असत. हत्यारं तीच, पटाशी-रंधा. माणसंही बऱ्याचदा तीच, ज्यांच्या बापानं बंड्या केल्या होत्या.

म्हणून आपल्याकडे 'गाडीत लाकूड' ही गोष्ट नव्वदच्या दशकापर्यंत मुळीच ऐटीची नव्हती. ट्रकमध्ये लाकूड असे. ऐट होती ती पत्र्याची, प्लास्टिकची, काचेची. मारुती ८०० आली १९८३ ला आणि तिच्या आत झाडाचा अंश शोधून सापडला नसता.

मग हे वुड फिनिशचं वेड आलं कुठून? अमेरिकेची चित्रवाली गाडी इकडे कुणी पाहिली नव्हती. मला वाटतं ते आलं वरून, शेठ-साहेबांच्या गाड्यांतून. १९९५ मध्ये पुण्यात, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीजच्या गाड्या जुळू लागल्या. तिच्या डॅशबोर्डवर लाकडाची खरी पट्टी होती. मोठ्या शहरांबाहेर ती गाडी फारच थोड्यांनी आतून पाहिली असेल, पण ज्यांनी पाहिली त्यांनी सांगितली. पुढे दहा वर्षांत इनोव्हाच्या वरच्या मॉडेलांतही लाकडी दिसणाऱ्या पट्ट्या आल्या, आणि इनोव्हातून कोण उतरतं हे महाराष्ट्रात सांगायची गरज नाही.

पण खऱ्या पट्टीचीही गंमत ऐका. महागड्या गाड्यांतलं सगळ्यात मानाचं लाकूड म्हणजे अक्रोडाची गाठ, इंग्रजीत वॉलनट बर. झाडाच्या बुंध्यावर आवाळूसारखी गाठ वाढते, तिच्यात न फुटलेल्या कोंबांचे शेकडो डोळे असतात, रेषा वाट्टेल तिकडे वळलेल्या. त्या लाकडाला सरळ रेषेतली ताकद नाही. ना त्याचा आरा होईल, ना दांडी, ना फळी. आमच्या गावच्या सुतारानं ते चुलीत घातलं असतं. त्याचा मुख्य उपयोग: कागदासारखे पातळ पापुद्रे काढून दुसऱ्या कशावर तरी चिकटवणे. रोल्स-रॉइसमध्ये ते पापुद्रे डाव्या-उजव्या बाजूला आरशासारखे जुळवून लावतात, आणि मध्ये ॲल्युमिनिअमचा थर घालतात, म्हणजे अपघातात लाकडाच्या चिरफळ्या उडून माणसाला लागू नयेत. थोडक्यात, लाखो-करोडोंच्या गाडीतलं 'खरं' लाकूडही काही धरून ठेवत नाही. उलट त्यालाच धरून ठेवावं लागतं.

आणि बाबांच्या इंडिकात कशाचं चित्र होतं? मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. डोळे, भोवरे, वळलेल्या रेषा. अक्रोडाची गाठ! सागाच्या देशात, मेळघाटापासून फारशा लांब नसलेल्या गावात, आमच्या घरात कुणीही जन्मात न पाहिलेल्या झाडाच्या रोगट भागाचं चित्र.

हे चित्र प्लास्टिकवर येतं कसं तेही सांगतो, कारण तंत्र म्हणून ते सुंदर आहे. पाण्यात विरघळणाऱ्या पातळ फिल्मवर लाकडाची नक्षी छापतात. ती कोमट पाण्याच्या टाकीवर तरंगत सोडतात. फिल्म विरघळू लागते, वरून एक रसायन फवारलं की शाई पुन्हा ओली होते, आणि पाण्यावर उरतो नुसता लाकडाचा तवंग. मग प्लास्टिकचा भाग वरून हळूच बुडवायचा. पाणी सगळीकडून सारखं दाबतं म्हणून तवंग प्रत्येक वळणाला, खाचेला घट्ट लपेटला जातो. वर पारदर्शक लॅकर. जपानी कंपनी क्युबिक इंजिनीअरिंगचे मोटोयासू नाकानिशी यांनी या यंत्राच्या अमेरिकन पेटंटसाठी १९८२ मध्ये अर्ज केला होता. कारखान्यातून लाकडी दिसत येणारे वळणदार भाग असे बनत. आपल्या बाजारात मिळणारे 'डॅश किट' त्याहून साधे: छापील स्टिकर, त्यावर ओतलेला पारदर्शक फुगीर थर, खाली दुहेरी टेप. गाडीचं मॉडेल सांगा, पाकीट घ्या, लावा. एका दुपारचं काम.

इथं माझ्यातला शिष्ट माणूस म्हणतो, की शेवटी हे खोटंच ना? जॉन रस्किन या इंग्रज लेखकानं १८४९ मध्येच 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या पुस्तकात, एका पदार्थाला रंग देऊन तो दुसराच आहे असं भासवणं ही लबाडी आहे असं ठणकावलं होतं. मी त्याच पक्षाचा. आणि आमच्या धंद्यात तर हा खटला निकालात निघालेला. २०१० मध्ये आयपॅडवर पुस्तकांचं ॲप आलं ते लाकडी फडताळासकट; २०१३ मध्ये ॲपलनं ते फडताळ काढलं आणि सगळं सपाट केलं. आम्ही कॉलेजात डिझाइनच्या गप्पा मारायला लागलो तोवर खोटं लाकूड हे मागासलेपणाचं लक्षण ठरलं होतं. अशा उरलेल्या नक्षीला 'स्क्यूओमॉर्फ' म्हणतात, हा शब्द १८८९ चा.

हे सगळं मी बाबांना ऐकवलं. रस्किन वगळून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग एक गोष्ट सांगितली जी मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हती.

बाबा तेव्हा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबनीस होते. नोकरीची पहिली-दुसरी वर्षं, मी जन्मलो त्याच्या आसपासची. शेठनी पुण्याहून मर्सिडीज आणली होती. एकदा नागपूरला कसल्याशा कामाला वह्या घेऊन जायचं होतं म्हणून शेठनी बाबांना बरोबर घेतलं. शेठ मागे, बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर वह्यांची पिशवी. पाच तास ती लाकडी पट्टी त्यांच्या गुडघ्यांसमोर. तळेगावला चहासाठी थांबले, शेठ आणि ड्रायव्हर उतरले, बाबा पिशवी सांभाळत आत बसले.

"तवा हात लावून पाह्यला."

"मंग?"

"लाकूडच होतं."

बस, एवढंच. पुढे २००४ मध्ये कर्ज काढून इंडिका घेतली आणि त्याच हप्त्यात किट बसवलं. आबाजी तेव्हा होते. गाडीत बसल्यावर त्यांनीही पट्टीवर बोट फिरवलं होतं म्हणे, नखानं टिचकी मारून पाहिली, आणि काही बोलले नाहीत. ज्या माणसाला टिचकीच्या आवाजावरून बाभूळ आणि धावडा ओळखू यायचा त्याला ते काय आहे हे कळलं नसेल असं होणार नाही. बाबांनी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

तर शनिवारी आम्ही दोघं अमरावतीला निघालो. तिथं आत्याकडे जेवण, आणि आतेभावाच्या ओळखीचा एक मिस्त्री, जो हे काम नीट करतो. रस्ता तोच, लोणी ते माना पट्ट्यात २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचं सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेसमध्ये नोंदला गेलेला. इंडिका त्यावर ऐंशीनं जात होती आणि उचकटलेला एक कोपरा टर्रर्र वाजत होता.

मिस्त्रीनं आधी जुनं काढलं. हीट गननं गरम करायचं आणि सावकाश ओढायचं. घाई केली की खालचं प्लास्टिकच पांढरं पडतं. पट्ट्यांखालचं प्लास्टिक वीस वर्षं ऊन न लागल्यामुळे जसंच्या तसं काळंभोर, बाजूचं सगळं राखाडी. मला आवडला तो आकार. मिस्त्री म्हणाला, "दादा, आपल्याकडं पंचेचाळीसच्या वर ऊन, बंद गाडीत तं त्याहून जास्त. प्लास्टिक फुगते, टेप फुगत नाही, कोपरे सुटते." आता तो फुगीर किट लावत नाही, पातळ विनाईल लावतो, स्पिरिटनं पुसून, गरम करून, ताणून, आणि कडा मागं दुमडून. खरं लाकूड लावायला सांगितलं असतं तर? तो हसला. मे महिन्यात सुकून तडकेल, जुलैत फुगेल. शिवाय एअरबॅगवाल्या गाडीत कुठंही काही ठोकू नका, हेही त्यानं सांगितलं. (इंडिकाला तो प्रश्न नाही. तिला एअरबॅग नाही.)

मग त्यानं नमुन्यांची वही काढली. पंधरा-वीस प्रकारची लाकडं. मी आधीच ठरवून गेलो होतो. मॅट, सरळ रेषांचं सागवान. आबाजींच्या बंडीच्या फळ्या, परतवाडा, मेळघाट, सगळं जुळत होतं, आणि रस्किनलाही थोडी तडजोड करता आली असती. ऐटीत बाबांना दाखवलं.

बाबांनी नमुना उजेडात धरला, तिरपा केला, बोट फिरवलं. "हे सागवान न्हाई."

"बाबा, फोटोच हाये."

"हो, पण सागवान असं नसते. एवढ्या सारख्या रेघा कुठी राह्यतात? अन् दाराचं लाकूड गाडीत कायले?"

मी गप्प. ज्या लाकडात ते वाढले त्याचं चित्र त्यांना एका क्षणात खोटं दिसलं. त्यांनी पानं उलटली आणि अक्रोडाच्या गाठीवर बोट ठेवलं. तेच जुनं, फक्त चमक जराशी कमी.

काम चार तास चाललं. साडेतीन हजार झाले, ते बाबांनी मला देऊ दिले नाहीत. गिअरच्या मुठीला मिस्त्रीनं नकार दिला, हाताच्या घामानं तिथली फिल्म टिकत नाही म्हणून. म्हणजे मूठ आता काळी आणि बाकी सगळं अक्रोड, आणि बाबांना ते खटकतंय. पुढच्या खेपेला त्याचं काहीतरी बघू म्हणालोय. उरलेला हातभर तुकडा गुंडाळून घरी आणला होता. रविवारी पुण्याची गाडी पकडायच्या आधी पाहिलं तर आईनं तो फ्रिजच्या हँडलला लावून टाकला होता.